रिमोटची गाडी : जुनी घ्यावी की नवी?

गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांच्या बॅगेतून मुलांसाठी खेळणी निघतात. त्यात रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी असली की वाडीतल्या सगळ्याच मुलांना तशी गाडी हवी होते. मग चिपळूणच्या बाजारात दोन प्रकार समोर येतात. एक जुन्या धर्तीची, स्वस्त. दुसरी सुधारलेली, महाग. आपल्यासाठी हा तीन-चार दिवसांच्या मजुरीचा प्रश्न असतो, म्हणून आज नीट समजून घेऊ.

ही गाडी रेडिओच्या लहरींवर चालते. माझा आवाज तुमच्यापर्यंत येतो, तसाच रिमोटचा हुकूम गाडीपर्यंत जातो. जुन्या गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे जागा थोडी असते. अंगणात तशाच दोन गाड्या आल्या तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी वळते आणि भांडण सुरू होतं. नव्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यात रिमोट आणि गाडी एकमेकांची ओळख ठेवतात, त्यामुळे चार मुलं एकत्र खेळू शकतात. घरात दोन मुलं असतील तर हा फरक मोठा आहे.

दुसरा फरक बॅटरीचा. जुन्या गाडीत पेन्सिल सेल लागतात. समजा, चार सेलना ८० रुपये पडले आणि महिन्यातून दोनदा बदलावे लागले, तर वर्षाचे १,९२० रुपये होतात. म्हणजे स्वस्त गाडी वर्षभरात महागडीला गाठते. पण सेल बाजारातून आणून बदलता येतात. नव्या गाडीची चार्जिंगची बॅटरी पुन्हा पुन्हा भरता येते, मात्र ती खराब झाली आणि तशीच मिळाली नाही, तर गाडी कपाटात जाते.

तिसरा फरक मोटरचा. साध्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात. ते घासून झिजतात. महागड्या गाड्यांत बिनब्रशची मोटर असते. ती जास्त टिकते आणि वेगही जास्त देते. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला तेवढा वेग आवरत नाही. गाडी जांभ्याच्या गडग्यावर आदळली की पुढचा भाग तुटतो. लहान मुलासाठी साधी मोटर पुरे.

जपानमधली टामिया ही कंपनी अशा गाड्यांसाठी जगात ओळखली जाते. तिची 'ग्रासहॉपर' नावाची गाडी १९८४ साली आली आणि बंद झाल्यावर २००५ साली कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे जुनी गाडी जपून ठेवलेल्यांनाही सुटे भाग मिळू लागले. यातून आपल्या कामाची गोष्ट एवढीच : गाडी जुनी की नवी, यापेक्षा तिचे भाग मिळतात का, हे आधी पाहायचं. आपल्या पोफळीचं डोंगराच्या पोटातलं वीजघर १९६२ साली सुरू झालं. देखभाल होते, भाग बदलले जातात, म्हणून ते आजही वीज देतं. खेळण्यालाही तोच नियम लागू आहे.

आता सुरक्षेचं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांचा मानक क्रमांक आयएस १५६४४ आहे. खोक्यावर तो शोधा. कोणी वापरलेली जुनी गाडी दिली, तर तिच्यावर हे चिन्ह नसण्याची शक्यता असते. तेव्हा सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का आणि तारा उघड्या पडल्या नाहीत ना, हे स्वतः पाहा.

काही रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. तो बाळाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. थांबून बघू, असं करू नका, लगेच रुग्णालय गाठा. चार्जिंगची बॅटरी सोबत आलेल्या चार्जरनेच भरा. अंथरुणावर ठेवून किंवा रात्रभर चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका. जुने सेल चुलीत कधीही टाकू नका, ते फुटतात.

आपल्याकडचा पाऊस आणि लाल धूळ दोन्ही गाडीचे वैरी. खेळून झालं की कोरड्या ब्रशने चाकं आणि दातेरी चक्रं झाडा. पावसाळ्यात गाडी ठेवून द्यायची असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतली पत्रं गंजतात.

तर घरात एकच लहान मूल असेल, गाडी कधीमधी खेळायची असेल, तर साधी गाडी घ्या. मुलं दोन-तीन असतील, रोज खेळणार असतील आणि बॅटरी वेगळी मिळत असेल, तर नवी घ्या. विकत घेण्याआधी दुकानदाराला चार प्रश्न विचारा : आयएसआय चिन्ह कुठे आहे? बॅटरी वेगळी मिळते का? चाकं आणि दातेरी चक्रं मिळतात का? बिघडली तर दुरुस्त कोण करून देतं? उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे काढू नका. आणि हो, गाडी घरात आली की रिमोट मुलीच्या हातातही द्या, तोही बरोबरीने.