हास्यरेषा : लेपापूर्वी निरीक्षण

लग्नसराई जवळ आली की देवळीतील आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची ही रेघ जाईल का?" प्रश्न सौंदर्याचा असला, तरी उत्तर वैद्यानेच विचारपूर्वक द्यावयास हवे.

शास्त्रात सुरकुतीस 'वली' म्हटले आहे. सुश्रुताचार्यांनी जरेची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत करून कालकृत व अकालकृत असे दोन भेद सांगितले. काळजी घेऊनही येते ती पहिली. काळजी न घेतल्याने अकाली येते ती दुसरी. हास्यरेषा बालकाच्या मुखावरही हसताना उमटते. वयानुसार गालातील मेद खाली सरकतो, वरच्या जबड्याचे अस्थी झिजते, त्वचेची लवचिकता घटते आणि रेषा कायमची ठरते. कपाशीच्या शेतात दिवसभर सोसलेले ऊन, खर्रा व तंबाखू आणि पडलेल्या दातांच्या जागी कवळी न बसविणे ही आमच्या भागातील अकालकृत वलीची कारणे होत. त्यांचा त्याग हीच पहिली चिकित्सा.

वाग्भटाचार्यांनी वर्ण्य मुखलेप सांगितला. तो चेहऱ्यावर वाळू देऊ नये, ओला करून काढावा आणि नंतर स्नेह लावावा, असा त्यांचा दंडक आहे. लेप तडकेपर्यंत ठेवण्याची आजची चाल शास्त्राविरुद्ध आहे. कुंकुमादी तैल आपण केवळ चोळण्यासाठी देतो. वली व व्यंगावर त्याचा मूळ उपदेश नस्यासाठी आहे, हेही स्मरावे. या उपचारांनी त्वचा स्निग्ध व मृदू होते, बारीक रेषा सौम्य दिसतात. परंतु खोल घडी भरून येत नाही. हे रुग्णास स्पष्ट सांगण्यात शास्त्राचा कमीपणा नाही.

खोल घडीसाठी आधुनिक शास्त्रात हायलुरॉनिक आम्लाचे फिलर सुईने भरतात. अमेरिकेत या घडीसाठी त्यास 2003 साली मान्यता मिळाली. परिणाम साधारण सहा महिने ते वर्षभर, क्वचित अधिक टिकतो. मात्र या घडीलगतच मुखाची धमनी जाते. द्रव्य तीत शिरल्यास त्वचा मृत होते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हा उपचार प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ वा प्लास्टिक सर्जनकडेच, फिलर विरघळविणारे औषध हाताशी असतानाच व्हावा. ब्यूटी पार्लरमध्ये कदापि नव्हे. बोटॉक्स स्नायू शिथिल करते. ते कपाळाच्या रेषांस उपयोगी, या घडीवर मात्र हसू वाकडे होण्याचा धोका असतो.

आता आमचाच एक अनुभव. मुलीच्या लग्नापूर्वी एक भगिनी आल्या. "डावीकडची रेघ फार खोल झाली," ही तक्रार. आम्ही लेपाची योजना लिहूही लागलो होतो. सहज दात दाखवावयास सांगितले, तेव्हा ध्यानी आले की डावी रेषा खोल झाली नव्हती, उजवी पुसली गेली होती. उजवा डोळा पूर्ण मिटत नव्हता, कपाळाची उजवी बाजूही आक्रसत नव्हती. हे अर्दित होते, आणि ते आदल्या रात्रीच सुरू झाले होते. आम्ही लेखणी खाली ठेवून त्यांना त्याच दिवशी वर्ध्यास मोठ्या रुग्णालयात पाठविले. मुखाच्या अशा नाडीघातात स्टेरॉइड पहिल्या 72 तासांत सुरू झाल्यास अधिक लाभ होतो. कपाळ हलते पण तोंड वाकडे आहे, हाताची शक्ती गेली आहे वा बोलणे अडखळते आहे, तर पक्षाघाताची शंका घेऊन एक क्षणही दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची मुदत सर्वसाधारणपणे साडेचार तासांचीच असते.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे. रेषेची तक्रार घेऊन कोणीही आले, तरी प्रथम हसण्यास, डोळे घट्ट मिटण्यास व भुवया उचलण्यास सांगावे. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, बदल कधीपासून आहे, हे विचारावे. यास एक मिनिट पुरते. त्यानंतरच लेपाचे पात्र हाती घ्यावे. दोन्ही बाजूंस सारखी उमटलेली हास्यरेषा ही आयुष्यभर हसल्याची खूण आहे. तिची घाई नसते. एका बाजूची हरवलेली रेषा मात्र थांबत नाही.