दिशा पूर्व, अंतर दोन किलोमीटर

एफआयआरचा छापील नमुना एकदा सावकाश वाचून पाहावा. पाचव्या क्रमांकाला घटनास्थळाचा रकाना असतो आणि त्यातली पहिली ओळ म्हणजे ‘पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर’. अंमलदार तिथे लिहितो: पूर्वेस, २ कि.मी. मग बीट क्रमांक, मग पत्ता. म्हणजे ठाणं मधोमध आणि गाव त्याच्या भोवती. घोड्यावरच्या फौजदाराला एवढं पुरत असणार. नव्या वस्तीत घर भाड्याने घेऊ पाहणाऱ्याला किंवा मुलीला संध्याकाळच्या क्लासला पाठवणाऱ्या आईला ते पुरेल का, हे नमुना बनवणाऱ्याच्या मनात आलं नसेल. तो कागद त्यांच्यासाठी नव्हताच.

गुन्ह्यांचा नकाशा काढायची हौस तशी जुनी. फ्रान्सच्या न्याय खात्याने १८२५पासूनचे आकडे छापायला घेतले आणि त्यांच्या आधाराने आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने आद्रियानो बाल्बीच्या साथीने १८२९ साली तीन नकाशे काढले. एकावर मालमत्तेचे गुन्हे, दुसऱ्यावर शरीराविरुद्धचे, तिसऱ्यावर शिक्षण. शिकलेल्या उत्तर भागात चोऱ्या जास्त निघाल्या आणि शिक्षण वाढलं की गुन्हे घटतील म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. त्यानंतर बराच काळ अशा नकाशांवर टाचण्या टोचत राहिले ते मुख्यतः पोलीसच. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या पोलिसांतला जॅक मेपल भिंतीभर नकाशे लावून बसायचा. १९९४मध्ये त्यातूनच ‘कॉम्पस्टॅट’ ही पद्धत उभी राहिली. पण ती भिंतही खात्याचीच.

ती भिंत रस्त्यावर आणली एका पत्रकाराने. एड्रियन होलोवाटी हा पत्रकारही आणि प्रोग्रामरही. शिकागो पोलीस आपल्या संकेतस्थळावर गुन्ह्यांच्या नोंदी टाकत, पण त्या चाळायच्या म्हणजे डोकेदुखी. गूगल मॅप्स येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मे २००५मध्ये होलोवाटीने पोलिसांच्या नोंदी आपोआप उचलून त्या नकाशावर बसवणारं संकेतस्थळ सुरू केलं. आपला रस्ता निवडा, गुन्ह्याचा प्रकार निवडा, तारीख निवडा. आज शिकागो महापालिका स्वतःच २००१पासूनच्या नोंदी खुल्या ठेवते, शेवटचे सात दिवस वगळून. घर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झाकलेले असतात. चोरी कोणत्या ब्लॉकवर झाली ते कळतं, कुणाच्या घरी झाली ते नाही.

इंग्लंड आणि वेल्सने फेब्रुवारी २०११मध्ये देशभराचा असा नकाशा खुला केला. पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोसळलं. तिथेही नेमकी जागा दाखवत नाहीत. प्रत्येक गुन्हा जवळच्या एका ठरावीक बिंदूवर नेऊन बसवतात आणि लिहितात ‘अमुक रस्त्यावर किंवा जवळपास’. या ‘जवळपास’ने पहिल्याच आठवड्यात गंमत केली. पोर्ट्समथमधल्या सरे स्ट्रीट या आखूड गल्लीच्या नावावर एका महिन्याचे शंभराहून अधिक गुन्हे दिसले. एक पब, वाहनतळ, काही सदनिका, एवढीच ती गल्ली. वर्तमानपत्रांना देशातली ‘सर्वात गुन्हेगार’ गल्ली मिळाली. तिथल्या लोकांच्या घरांचे भाव काय झाले असतील, हा विचार आपल्याकडच्या वाचकाच्या मनात आधी येईल.

आता आपल्याकडे वळू. इथे सगळं बंद आहे, असं मी लेखाला हात घातला तेव्हा धरून चाललो होतो. तसं नाही. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. दुर्गम भागात जोडणीची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत. लैंगिक गुन्हे, दहशतवाद आणि तत्सम संवेदनशील प्रकरणं वगळायची. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारखा निवडल्या की एकेक एफआयआर उघडतो.

मी माझ्या परिसरातल्या ठाण्याचे एका आठवड्याचे उघडले. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ या सुरुवातीनंतर माणूस उघडा पडत जातो. फिर्यादीचं नाव, वय, धंदा, राहता पत्ता. कुणाचं कुणाशी भांडण, कोण कुणाचा मेहुणा. आरोपीचंही नाव, आणि त्याच्यावर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. या सगळ्यातून माझ्या गल्लीत यंदा घरफोड्या वाढल्या की घटल्या हे मात्र कळत नाही. ते हवं असेल तर शेकडो पीडीएफ घेऊन वहीत रेघा मारत बसा. शिकागोने माणूस झाकला आणि जागा दाखवली. आपण माणूस दाखवला आणि जागा ‘पूर्वेस, २ कि.मी.’मध्ये गाडली.

एकत्रित आकडे मिळतात ते वरून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३पासूनचे आकडे देतो, पण त्यातला सर्वात लहान घटक म्हणजे जिल्हा किंवा आयुक्तालय. अख्खं मुंबई शहर तिथे एका ओळीत मावतं. येतोही उशिरा; २०१७चा अहवाल ऑक्टोबर २०१९मध्ये आला. शिवाय एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर त्यातला सर्वात गंभीर तेवढा मोजायचा, हा त्यांचा नियम. बलात्कार करून खून झाला तर तो खुनात धरतात, बलात्काराच्या आकड्यात तो नसतो. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ माहिती अधिकारात अर्ज करकरून पोलिसांविषयीचा वार्षिक अहवाल काढतं. पोलिसांकडे नकाशे नाहीत असंही नाही. दिल्ली पोलिसांनी तर इस्रोच्या मदतीने ‘सीमॅप्स’ उभारलं. ते वापरतं खातं.

मग खुला करा नकाशा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण सोलापूर आठवतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वस्ती बसवली गेली. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनी तिथे रोज हजेरी द्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ला त्या जमाती विमुक्त झाल्या. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात, आणि कुठे चोरी झाली की जीप आधी पारध्यांच्या पालाकडे वळते ही तक्रारही जुनीच आहे. जीप जिथे जाते तिथे नोंद होते, आणि नोंद होते तिथे नकाशावर ठिपका पडतो. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी २०१६मध्ये ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदी भाकीत करणाऱ्या संगणकप्रणालीत घालून पाहिल्या. व्यसनं शहरभर पसरलेली असतानाही प्रणाली पोलिसांना पुन्हा पुन्हा कृष्णवर्णीय वस्त्यांकडेच पाठवत राहिली.

उलट बाजूने, जिथे नोंदच होत नाही तिथे नकाशा कोरा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर घेतलाच पाहिजे, असं ललिता कुमारी खटल्यात २०१३मध्येच ठरलंय. तरी ‘हद्द आमची नाही’, ‘एनसी करून देतो’ ही वाक्यं कुणी ऐकली नाहीत?

तीन वर्षांपूर्वी बसमध्ये चढताना माझ्या खिशातून मोबाइल गेला. खिसा कापलेला होता, तो मी दाखवलाही. समोरचा अंमलदार चांगला माणूस; त्याने चहा विचारला. मग म्हणाला, “काका, चोरी लिहिलं तर तुम्हालाच हेलपाटे. गहाळ लिहू या, लगेच दाखला मिळेल, नवं सिम घेऊन टाका.” मला सिमची घाई होती. मी मान डोलावली आणि गहाळ झाल्याचा दाखला खिशात घातला, दुसऱ्या खिशात.

परवा त्या ठाण्याचे एफआयआर चाळताना मी तो आठवडाही उघडला. त्या तारखेला मोबाइल चोरीची एकही नोंद नाही. तो बसथांबा ठाण्याच्या पश्चिमेस आहे, अर्ध्या किलोमीटरवर.