जिमी न्यूट्रॉनचा नमुनापट : बाल-संशोधक, परग्रहवासी आणि बाजारातील साधने

प्रास्ताविक

संगणकीय ॲनिमेशनच्या इतिहासात १९९५ हे वर्ष ‘टॉय स्टोरी’मुळे महत्त्वाचे मानले जाते. त्याच वर्षी सिग्राफ या संगणकीय आलेखिकीच्या परिषदेत एक अगदी छोटी चित्रफीत दाखविण्यात आली. तिचा नायक होता स्वतःच्या अग्निबाणातून भरारी घेणारा एक मुलगा. त्याचे तेव्हाचे नाव जॉनी क्वासार. पुढे तोच ‘जिमी न्यूट्रॉन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या चित्रफितीचा प्रवास पाहिल्यास साधनांची उपलब्धता आणि कलानिर्मिती यांचे नाते स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

चित्रफितीपासून चित्रपटापर्यंत

जॉन ए. डेव्हिस व कीथ अल्कॉर्न यांनी १९८७ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस परिसरात डीएनए प्रॉडक्शन्स ही छोटी संस्था स्थापन केली. त्यांची चित्रफीत सिग्राफमध्ये पाहून लेखक-दिग्दर्शक स्टीव्ह ओडेकर्क प्रभावित झाले. त्यानंतर निकलोडियन या वाहिनीसाठी १९९८ मध्ये ‘रनअवे रॉकेटबॉय’ हा नमुनापट तयार झाला. बाल-संशोधक आणि योल्कस ग्रहावरील आक्रमक यांचा सामना हा त्याचा विषय होता. हाच विषय विस्तारून ‘जिमी न्यूट्रॉन : बॉय जीनियस’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट डिसेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला.

आशय आणि आकार

चित्रपटाच्या कथानकात जिमी घरातील टोस्टरपासून दळणवळण उपग्रह बनवतो आणि अवकाशात संदेश धाडतो. त्या संदेशामुळेच योल्कसवासीयांना पृथ्वीचा सुगावा लागतो आणि ते गावातील सर्व आईवडिलांना पळवून नेतात. संकटाचे मूळ असे संशोधकाच्याच कृतीत आहे. त्याच्या निवारणासाठी मुले करमणूक उद्यानातील पाळण्यांचे अग्निबाण करून निघतात. हाताशी असलेल्या वस्तूंतून नवे घडविणे आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी स्वीकारणे, अशी कथेची दुहेरी सूत्रे आहेत.

योल्कसवासी म्हणजे अंड्याच्या आकाराच्या कवचातील हिरवा द्रव. जिमीचे डोके मोठे असून त्याचे केस आइस्क्रीमच्या वळशासारखे आहेत. केसांचा प्रत्येक धागा किंवा त्वचेचा प्रत्येक पोत हुबेहूब दाखविण्याची गरज या रचनेत उरत नाही. मर्यादित साधनांना अशी शैली अनुकूल ठरते.

साधनांचे अर्थकारण

पिक्सार व ड्रीमवर्क्सच्या संगणकीय चित्रपटांमागे त्या काळी मोठ्या प्रमाणावर स्वतः विकसित केलेल्या संगणकप्रणाली होत्या. याउलट डीएनएने लाइटवेव्ह व मेसाया या बाजारात कोणालाही विकत घेता येणाऱ्या प्रणालींवर चित्रपट उभा केला. लाइटवेव्हचा जन्म १९९० च्या ‘व्हिडिओ टोस्टर’ या उपकरणासोबत झाला होता. कथेतील टोस्टरशी जुळणारा हा योगायोग बोलका आहे. चित्रपटाचा खर्च सुमारे ३ कोटी डॉलर, तर उत्पन्न १० कोटी डॉलरहून अधिक होते. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर २००२ मध्ये प्रथमच देण्यात आले. तेव्हा ‘श्रेक’ व ‘मॉन्स्टर्स, इंक.’ यांच्या पंक्तीत ‘जिमी न्यूट्रॉन’लाही नामांकन मिळाले. पुरस्कार ‘श्रेक’ला गेला.

तथापि साधने स्वस्त झाली म्हणजे वाट मोकळी झाली, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. वाहिनी व वितरक यांचे पाठबळ नसते तर हा नमुनापट नमुनाच राहिला असता. ‘द अँट बुली’ (२००६) या पुढच्या चित्रपटाला अपेक्षित यश लाभले नाही आणि त्याच वर्षी डीएनए बंद पडली.

समारोप

२०२५ मध्ये ‘फ्लो’ या लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या चित्रपटाने ऑस्कर मिळविले. तो ब्लेंडर या मोफत प्रणालीवर तयार झाला होता. जी वाट १९९५ मध्ये एका छोट्या चित्रफितीने दाखविली, तिचाच हा पुढचा टप्पा म्हणता येईल. महाविद्यालयीन प्रकल्पांचे मूल्यमापन करताना हे उदाहरण उपयुक्त आहे. विद्यार्थ्याकडे कोणते यंत्र आहे, यापेक्षा हाती असलेल्या यंत्राच्या मर्यादा ओळखून त्याने आशय व आकार कसा योजला, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल. आणि जे घडविले त्याच्या परिणामांचा विचार त्याने केला आहे का, हा प्रश्नही त्यासोबत विचारला गेला पाहिजे.