ओझे किती आणि कोणाच्या जिवावर?



मालमोटारीवर दोन आकडे रंगवलेले असतात. पहिला रिकाम्या गाडीच्या वजनाचा, दुसरा मालासकट एकूण वजनाचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरेल तेवढाच माल भरायचा. हिशेब इतका सोपा आहे. तो बिघडतो कोठे आणि बिघडवतो कोण, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

दोन आसांच्या, मागे चार चाके असलेल्या मालमोटारीला पूर्वी एकूण १६.२ टनांची मर्यादा होती. २०१८ साली केंद्र सरकारने ती १८.५ टनांवर नेली; पुढच्या आसावर ७ आणि मागच्यावर ११.५. परंतु सरकारी आकडा वाढला म्हणून जुन्या गाडीचे पाटे काही जाड होत नाहीत. आपल्या नोंदणीपुस्तकात लिहिलेला आकडाच खरा मानावा. समजा, १८.५ टनांची गाडी रिकामी ६.५ टन भरते. मग माल १२ टन, म्हणजे ५० किलोची २४० पोती. तीनशे चढवली की ३ टन जादा झाले.

या तीन टनांनी काय बिघडते? चढाला इंजिन रखडते, ते सर्वांना दिसते. खरा घात उताराला असतो. गाडी आवरणे म्हणजे तिच्या वेगातली शक्ती ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जिरवणे होय. वजन जितके अधिक तितकी उष्णता अधिक. बोरघाटासारख्या लांब उतारावर खालचा गिअर न घालता ब्रेकच दाबत राहिले की तो तापतो, त्याची पकड सुटते, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. टायरही असेच तापून फुटतात. रस्त्याचे म्हणाल, तर अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून असे दिसले की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. मागच्या आसावर ११.५ ऐवजी १४ टन आले, तर भार पाचव्या हिश्शाने वाढतो, झीज मात्र दुपटीहून अधिक!

वजन बरोबर असले तरी भरणी चुकता कामा नये. जड माल तळाला, दोन्ही बाजूंना सारखा. सगळा मागच्या टोकाला लोटला तर पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग हाती राहत नाही. उंच रचला तर गाडी वळणावर कलंडते. सैल बांधला तर ब्रेक लागताच तो केबिनवर येतो. घरच्या मोटारीलाही हेच नियम लागू. पाच माणसे बसली की सामानाला थोडीच जागा उरते. टपावर जड ट्रंक ठेवू नये, आणि भरल्या गाडीच्या टायरांत कंपनीने सांगितली तेवढी हवा असावी.

आता, बिघडवतो कोण? भाडे टनावर मिळते. जादा टनाचा पैसा ड्रायव्हरच्या खिशात जात नाही, पण नाक्यावर हात जोडून उभा राहतो तो ड्रायव्हरच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला ही अवस्था ठाऊक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. आपल्या उदाहरणात तो २६,००० होतो. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलत नाही. हा दंड चालवणाऱ्याला आहे तसाच चालवायला लावणाऱ्यालाही आहे. ड्रायव्हर मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने वा हुकुमाने हे घडले असे न्यायालयाला गृहीत धरता येते, हे कलम ११३ मध्ये लिहिलेले आहे. किती ड्रायव्हरांना ते कोणी वाचून दाखवले?

म्हणून आमचे सांगणे असे: माल भरल्यावर गाडी आधी काट्यावर न्यावी, काटापावती स्वतःजवळ ठेवावी, आणि आकडा जादा निघाला तर पोती उतरवल्यावाचून चावी फिरवू नये. एकट्याने नकार दिला तर उद्या त्याच्या जागी दुसरा बसेल. अड्ड्यावरच्या सगळ्यांनी मिळून दिला, तर मालकाला बसवायला दुसरा मिळणार कोठून?