प्रवेशयादीची तेरीज

दिवसाअखेर रोखपाल रोकड मोजतो, अधिकारी ती पुन्हा मोजतो आणि मगच दोन किल्ल्यांनी तिजोरी बंद होते. संगणकाच्या जाळ्यावर कोणास प्रवेश द्यावा हे ठरविणाऱ्या फाइलींच्या बाबतीत मात्र हा शिरस्ता पुष्कळदा पाळला जात नाही. एक जण फाइल लिहितो, तोच ती लागू करतो आणि काम संपले असे मानले जाते.

१९९० च्या सुमारास नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रविद्यापीठाच्या संगणकांत एक घुसखोर वारंवार शिरून फाइली पुसून टाकू लागला. त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी व्हिट्से व्हेनेमा यांनी ‘टीसीपी रॅपर’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. बाहेरून आलेली विनंती मूळ सेवेपर्यंत पोहोचण्यापूर्वी तो तिची नोंद करतो व दोन याद्या पाहतो. ‘होस्ट्स डॉट अलाउ’ ही परवानगीची, ‘होस्ट्स डॉट डिनाय’ ही मनाईची. पहिल्या यादीत जुळणी झाली, की प्रवेश मिळतो. तेथे न होता दुसरीत झाली, तर नाकारला जातो. आणि कोठेच झाली नाही, तर प्रवेश मिळतो! बँकेत काम करणाऱ्यास हे शेवटचे कलम विचित्रच वाटेल. नमुना सही जुळली नाही, तर आपण धनादेश परत करतो. येथे यादी कोरी असली, किंबहुना फाइलच नसली, तरी दार सताड उघडे.

संगणक विभागात मी नवखा असतानाची गोष्ट. चाचणीसाठी ठेवलेल्या एका जुन्या सर्व्हरवर मनाईच्या यादीत मी एकच ओळ लिहिली: सर्व सेवा, सर्वांना बंद. ओळ अचूक होती; तिच्या शेवटी ‘एंटर’ ही कळ दाबायची तेवढी राहिली. रॅपर अशी अपुरी ओळ सोडून देतो. तसा इशाराही तो नोंदवहीत लिहीत होता, पण ती वाचत कोणी नव्हते. परवानगी नसलेल्या संगणकावरून एका सहकाऱ्यास सहज प्रवेश मिळाला, तेव्हा मला घाम फुटला.

अशा चुकांसाठी रॅपरसोबत ‘टीसीपीडीचेक’ हे तपासनीस साधन मिळते. लेखनाचे दोष, अस्तित्वात नसलेल्या संगणकांची नावे, रॅपरच्या ताब्यात नसलेल्या सेवांसाठी लिहिलेले नियम, हे सारे ते दाखविते. ‘१९२.०.२.’ असे लिहिल्यास या आकड्यांनी सुरू होणारे सर्व पत्ते अभिप्रेत असतात. शेवटचा बिंदू गळाला, तर नियम कोणाशीच जुळत नाही. ही चूकही त्याच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय फाइल लागू करण्यापूर्वी वेगळ्या जागी ठेवून तपासता येते.

तथापि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जाणतो, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असे नव्हे. रक्कम भलत्याच खात्यास नावे पडली, तरी तेरीज जुळतेच. तद्वत, शुद्ध लिहिलेला नियम भलत्यासच प्रवेश देऊ शकतो. त्यासाठी ‘टीसीपीडीमॅच’ आहे. त्याला सेवेचे व संगणकाचे नाव द्यावे. विनंती आली तर काय घडेल, हे ते आधीच सांगते. माझ्या मते अधिक उपयुक्त साधन हेच. ज्यांना प्रवेश हवा आणि ज्यांना मुळीच नको, अशा दोन्ही प्रकारची नावे देऊन पाहावे.

टीसीपी रॅपर आता मागे पडला आहे. ‘ओपन-एसएसएच’ने २०१४ मध्ये त्याचा आधार काढला; २०१९ मध्ये आलेल्या ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८’ मधूनही तो वगळला गेला. त्याचे काम आज बहुतांशी फायरवॉलकडे आहे. तेथे ‘एनएफटी’ या आज्ञेला तपासणीचा पर्याय जोडला, तर नियम लागू न करता वाचले जातात. परंतु वरचा व्यापक नियम खालच्या नियमास निरुपयोगी करतो आहे काय, हे माणसानेच पाहावे लागते.

आम्ही आता नवी फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याने वाचल्याखेरीज लागू करत नाही. लागू करतानाही सर्व्हरशी असलेली जुनी जोडणी चालू ठेवतो आणि दुसऱ्या संगणकावरून नव्याने प्रवेश मिळाला, की मगच ती सोडतो.