दूरध्वनीचा ग्राहक आणि न्यायाचें दार

दूरध्वनी कंपनीपुढें एकटा ग्राहक दुबळा भासतो. परंतु कायदा त्याच्या पाठीशीं आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अहमदाबादच्या एका गृहस्थांस 2013 सालीं नेहमींच्या साधारण 555 रुपयांऐवजीं महिन्याचें बिल 24,609 रुपयांचें आलें. त्यांनीं 2014 सालीं जिल्हा ग्राहक मंचाकडे दाद मागितली. कंपनीनें 1885 च्या तार-कायद्यावर बोट ठेवलें: असा तंटा लवादाकडेच गेला पाहिजे, मंचास अधिकार नाहीं. सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा एक निर्णयही या म्हणण्यास अनुकूल होता. परंतु 16 फेब्रुवारी 2022 रोजीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, लवादाच्या सोयीमुळें मंचाचें दार बंद होत नाहीं. बिल खरें कीं खोटें, हें ठरावयाचें राहिलेंच. दार उघडण्यासच आठ वर्षें लागलीं!

म्हणून आधींच्या सोप्या पायऱ्या जाणून असाव्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांप्रमाणें प्रथम कंपनीच्या केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास 30 दिवसांच्या आंत कंपनीच्याच अपील-अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करावें. त्याचा निकाल 39 दिवसांत लागला पाहिजे. तेथेंही निराशा झाल्यास ग्राहक आयोग आहेच. मात्र बिल, क्रमांक व तारखा जपून ठेवाव्या. न्यायाच्या ठिकाणीं रागापेक्षां कागदच अधिक बोलतो.