कृत्रिम पाय बसविणारांची मागणी

चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) या अरण्यप्रदेशांत पाय गमावलेल्या माणसाला शिबिरांत कृत्रिम पाय मिळाला, म्हणजे काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग पुढें कित्येक महिने आटत जातो. त्यावर बसणारें सॉकेट सैल होतें, कातडी घासते, जखम होते. दुरुस्त करणारा जवळ नसेल, तर पाय कोपऱ्यांत पडतो आणि माणूस पुन्हा कुबडीवर येतो. कुष्ठरोगानें बधिर झालेल्या पायाची अडचण तर निराळीच. तेथें रोग्याला टोंचणी कळतच नाहीं; माप चुकलेलें ओळखावयास पाहणाराच जाणता हवा.

आपणांस नुसते कारागीर समजूं नये, असा प्रोस्थेटिस्ट व ऑर्थोटिस्ट यांचा आग्रह आहे, तो यामुळेंच. जयपूरचा प्रसिद्ध पाय रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित कारागिराच्या हातून घडला, हें खरें. पण त्यांच्या जोडीला डॉ. सेठी होते. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानें या व्यवसायाची नोंदवही ठरविली. नोंदणीवांचून तो करणारास एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हजार रुपयांचा धाक आज कोणास वाटणार? शिवाय कायदा मनाई करतो, माणूस नेमीत नाहीं. व्यवसायाच्या संघटनांनीं आपल्या हक्काबरोबरच जिल्हा रुग्णालयांतील कायम जागेसाठीं आणि भामरागड-एटापल्लीपर्यंत ठराविक फेरीसाठीं भांडावें. गरज तेथें आहे.